टेमेरिटी आणि शेऱ्याचा रकाना

प्रभुणेसर,

तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा आवाज ओला झाला तर तुमचा गैरसमज नको. तुमचं कौतुक करायला इथे पुष्कळ जण आहेत. त्सुकुबातल्या निम्म्या लॅबचं इंग्रजी तुम्ही लाल पेनानं सरळ केलंत आणि निवृत्त झाल्यावरही सायकलच्या बास्केटमध्ये शब्दकोश टाकून दारोदार हिंडत राहिलात, हे ते सगळे सांगतील. मला तुमच्याशी भांडायचं आहे. दोन वर्षांपूर्वी कॅन्टीनमध्ये सुरू केलेलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात.

एका शब्दावरून झालं होतं ते. टेमेरिटी.

त्या शुक्रवारचं सेमिनार तुम्हाला नव्यानं सांगायला नको, तुम्ही माझ्या शेजारच्या रांगेत बसला होतात. तरी सांगते, कारण मला ते आता वेगळं दिसतं. आमच्या लॅबच्या मोठ्या भट्टीतलं थर्मोकपल, म्हणजे तिचं तापमान मोजणारी तार, कमी दाखवतं असा मला संशय आला होता. मी भट्टीत सोन्याची बारीक तार टांगली. सोनं ठरलेल्या तापमानालाच वितळतं, त्यात वाद नाही. ते वितळलं तेव्हा भट्टी बारा अंश कमी दाखवत होती. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बारा. म्हणजे सेन्सेईंच्या, आमच्या लॅबप्रमुख प्राध्यापकांच्या, तीन पेपरांतली सगळी तापमानं चुकलेली. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं आणि ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे सेन्सेईच ठरवणार होते. हे माहीत असूनही मी स्लाइड बनवली.

आधी कुणालाच सांगितलं नाही. तुम्ही सोडून. तुम्हालाही सल्ल्यासाठी नव्हे, स्लाइडचं इंग्रजी बघायला दाखवली. मंगळवार होता. तुम्ही एक शब्द बदललात, चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "हे असं थेट मांडणार आहेस? नेमावाशी वगैरे काही?"

नेमावाशी मला आल्या-आल्याच शिकवलं होतं. झाड दुसरीकडे न्यायचं तर आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करायची, तसं मीटिंगच्या आधी एकेकाला भेटून बोलून ठेवायचं. मी तुम्हाला म्हणाले, "सर, झाडांना ठीक आहे ते. आकड्याला मुळं कुठे असतात?" स्वतःच्या या उत्तरावर मी फार खूश होते. पुण्यात आमच्या कॉलेजात फळ्यावरचं गणित चुकलं तर पहिल्या बाकावरून ओरडून सांगायचो आणि सर हसून दुरुस्त करायचे. मी तशीच उभी राहिले, फक्त देश जपान होता.

"बारा अंश," मी म्हणाले. सेन्सेईंनी पेनाला टोपण लावलं. "केंतो शिमास," म्हणाले. विचार करू. मग मागच्या रांगेत खुर्ची सरकली आणि ओकुबो-सान उभ्या राहिल्या. बावीस वर्षं ती भट्टी त्यांच्या ताब्यात होती. थर्मोकपल तपासायचं काम त्यांचं. आकडा चुकला म्हणजे सगळ्या खोलीच्या नजरेत कुणाची चूक झाली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या कमरेत वाकल्या आणि "मोशिवाके गोझाइमासेन" म्हणाल्या. माफी मागून त्या तशाच वाकून राहिल्या. सेन्सेई काही बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. मला वाटलं, या कशाला मध्येच उभ्या राहिल्या, माझी वेळ संपत आली आहे.

मी पुढची स्लाइड लावली, सर. त्या वाकलेल्या असताना.

नंतर मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सगळे रोजच्यासारखं अभिवादन करायचे आणि माझ्या टेबलापाशी न थांबता पुढे जायचे. आठवड्याभरानं लॅबच्या सेक्रेटरीबाईंनी हळूच सुचवलं की सेन्सेईंना एक पत्र लिहिलंत तर बरं दिसेल. मी इंग्रजीत लिहिलं आणि तुमच्यापुढे ठेवलं. पत्रात एक वाक्य होतं: सर्वांसमोर ही चूक दाखवण्याचं मी 'करेज' केलं, त्यामुळे कुणी दुखावलं असल्यास क्षमस्व. तुम्ही करेजवर लाल रेघ मारलीत आणि वर लिहिलंत, टेमेरिटी.

"सर, हे काय?"

"धार्ष्ट्य. घरातल्या मराठीत आगाऊपणा."

"मी माफी मागतेय की स्वतःलाच शिव्या घालतेय?"

"वरिष्ठांपुढे बोलून गेलेला माणूस इंग्रजीत स्वतःबद्दल हा शब्द वापरतो, तेव्हा तो नम्र वाटतो. आणि शिवाय, तो खरा आहे."

"खरा कसा? आकडा बरोबर आहे."

"आकड्याबद्दल मी बोलतच नाहीये."

मग तुम्ही जुन्या कॅलेंडरची पानं कापून केलेलं ते तुमचं कार्ड खिशातून काढलंत. तुमचा वर्ग सुरू झाला की कॅन्टीनमधलं सूप गार व्हायचं. लॅटिनमध्ये तेमेरे म्हणजे न बघता, अंदाजानं, वाटेल तसं. त्याच्याही मागे जाऊन विद्वान लोक एका फार जुन्या धातूकडे बोट दाखवतात, त्याचा अर्थ अंधार. आपलं तमस् त्याच घरातलं. "ऑडॅसिटीवाल्याला खड्डा दिसतो आणि तो उडी मारतो," तुम्ही म्हणालात. "टेमेरिटीवाल्याला खड्डा दिसतच नाही. तो आपला चालतोय. मराठीत मी शोधलं, धाडस बघितलं, दुःसाहस बघितलं, अविचार बघितला. अंधार कुणातच नाही."

"मला सगळं दिसत होतं. तीनदा मोजलं मी."

"शेऱ्याचा रकाना वाचलास?"

"कुठला?"

"भट्टीच्या वहीतला. अगदी उजवीकडचा."

"सर, मी आकडे वाचते. शेरे जपानीत असतात, हातानं खरडलेले. फोनवरच्या भाषांतरालासुद्धा लागत नाहीत."

"वाच," तुम्ही म्हणालात. "आणि ओकुबो-सानना जाऊन भेट."

तिथे माझा तोल गेला. ज्या माणसानं मंगळवारी स्लाइड बघितली, शुक्रवारी शेजारी बसून तोंड उघडलं नाही, तो मला आता कुणाकुणाला भेटायचं ते सांगणार. मी म्हणाले, "तुम्ही होतात ना तिथे? एक शब्द बोललात? तीस वर्षं इथे राहून तुम्ही टिमिड झाला आहात, सर." शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली. तुम्ही थर्मासचं झाकण फिरवत होतात. "टिमिड आणि टेमेरिटी," तुम्ही तुमच्या वर्गातल्या आवाजात म्हणालात, "दिसायला सख्ख्या बहिणी. पण नातं काही नाही. टिमिड भीतीवरून आला, ही अंधारातून आली." आवाज नेहमीचा होता, पण झाकण आट्यात बसत नव्हतं आणि चहा तुमच्या बाहीवर सांडला. मी पत्र उचललं आणि निघाले. टेमेरिटी खोडली, करेज परत लिहिलं आणि पाठवून दिलं.

कॉन्ट्रॅक्ट चालू राहिलं. थर्मोकपल बदललं, तिन्ही पेपरांची दुरुस्ती छापून आली. बाहेरून पाहुणे आले की सेन्सेई स्वतः माझी ओळख करून द्यायला लागले, ती बारा अंशवाली हीच म्हणून. बघा सर, असं मी तुम्हाला मनातल्या मनात शंभर वेळा ऐकवलं. ओकुबो-साननी त्याच मार्चमध्ये मुदतीआधी काम सोडलं. निरोपाला सगळ्यांनी फुलं दिली. माझं त्या दिवशी अगदी न टाळता येण्यासारखं मेजरमेंट होतं.

तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. माझे पेपर तपासत राहिलात, शुक्रवारी समोर बसून जेवत राहिलात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मात्र तुम्ही कुणाला सापडायचा नाहीत. "भाजी आणायला जातो, ओळखीचं शेत आहे." सोमवारी माझ्या टेबलावर पिशवी असायची. बारीक जांभळी वांगी, काकड्या, एकदा इतका मोठा दाइकोन मुळा की तो सायकलला आडवा बांधला होतात. त्या वांग्यांचं भरीत मी तुम्हाला डब्यातून परत पाठवायची आणि तुम्ही म्हणायचा, तिखट कमी पडलं.

तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा तुम्ही दुपारी फोन केलात. "रेवा, त्या टिमिडवर मी अजून विचार करतोय. तुला एक सांगायचं होतं." मी मशीनवर होते, सॅम्पल आत होतं. म्हटलं, "सर, संध्याकाळी करते ना, निवांत." संध्याकाळी तुमचा फोन तुमच्या मुलानं, अमेयनं उचलला.

हे एक वाक्य मी पंधरा दिवस कुणाला सांगितलेलं नाही. दहा मिनिटं थांबलं असतं ते सॅम्पल.

तुमच्या अखेरच्या निरोपाच्या दिवशी ओकुबो-सान आल्या होत्या. रांगेत उभ्या होत्या, काळ्या कपड्यात, केस पूर्ण पांढरे झालेले. मी त्यांना लांबून ओळखलं आणि खुर्च्या नीट लावायला मागे गेले. चाळीस खुर्च्या होत्या, सगळ्या नीटच होत्या. तुमच्या फोटोपुढे त्या वाकल्या तेव्हा मी मागून बघितलं. तसंच वाकणं, तेवढंच खाली. मग त्या बसच्या थांब्याकडे गेल्या आणि मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

चारेक दिवसांनी अमेय टोकियोतल्या एदोगावाहून तुमचं घर आवरायला आला आणि एक फाइल देऊन गेला. "बाबांनी वर तुमचं नाव लिहिलंय. मी उघडली नाही." आत भट्टीच्या वहीच्या झेरॉक्स होत्या. फक्त उजवीकडचा रकाना, पानामागून पान. प्रत्येक जपानी ओळीखाली तुमच्या मुंगीएवढ्या अक्षरात मराठी.

सोन्याची तार आणून तपासलं. भट्टी कमी दाखवते. सेन्सेईंना तोंडी सांगितलं.

पुन्हा तपासलं. तेवढंच कमी. नवीन थर्मोकपल मागवावं ही विनंती.

सेन्सेई म्हणाले, पेपर जाऊ दे, मग बघू.

विनंती, मागीलप्रमाणे.

मागीलप्रमाणे.

मागीलप्रमाणे.

पहिली ओळ मी जपानमध्ये येण्याच्याही दोन वर्षं आधीची आहे. प्रत्येक ओळीपुढे ओकुबो-सानचा सहीऐवजी मारायचा तो लाल गोल शिक्का. सोन्याची तार भट्टीखालच्या खणात एका डबीत होती, तिथूनच मी ती घेतली होती. सिरॅमिकच्या लॅबमध्ये सोन्याची तार कशाला आणून ठेवली असेल, असा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं, कल्पना माझी.

सर, तिथवर मी स्वतःवरच चिडले होते. मग पहिल्या पानाचा कोपरा बघितला. "रेवाला द्यायचं का?" निळ्या शाईत. खाली काळ्या शाईत पुन्हा तेच. त्याखाली पेन्सिलीनं पुन्हा तेच. आणि निळ्या शाईशेजारी तुम्ही सवयीनं तारीख घातली होती. त्या सेमिनारच्या आदल्या दिवसाची. गुरुवारची.

म्हणजे माझी स्लाइड बघून तुम्ही तसेच उठून भट्टीपाशी गेलात. वही वाचलीत, झेरॉक्स काढलीत, रात्र घालवून भाषांतर केलंत आणि शुक्रवारी ही फाइल पिशवीत घेऊन माझ्या शेजारच्या रांगेत बसलात. त्या उभ्या राहिल्या, वाकल्या. या बाईंनी हे केव्हाच सांगितलंय, लिहून ठेवलंय, एवढं म्हणायला तुम्हाला एक वाक्य पुरलं असतं. तीन भाषांत तुम्हाला ते बिनचूक म्हणता आलं असतं. मला दिसत नव्हतं हे मान्य. तुम्हाला दिसत होतं. मग शब्दांची कार्डं कसली दाखवत होतात मला? सांगायचं होतंत ना सरळ, रेवा, मूर्खासारखं करू नकोस, हे वाच.

हॉस्पिटलमधून हेच सांगणार होतात ना? मी ऐकून आधी खूप भांडले असते. मग वरण-भाताचा डबा घेऊन आले असते, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही इतकं घाबरायला नको होतं मला.

काल महिन्याचा पहिला शनिवार होता. अमेयकडून पत्ता घेतला आणि फाइल बास्केटमध्ये टाकून सायकलनं निघाले. संशोधन संस्थांचे रुंद रस्ते संपले की भाताची शेतं लागतात, त्यांच्या पलीकडे चाळीस मिनिटं. वाटेत दोनदा थांबले. एकदा पाणी प्यायला आणि एकदा परत फिरायला. जपानीत चार वाक्यं पाठ केली होती. ती बरोबर आहेत की नाहीत हे तपासणारा माणूसच नव्हता, म्हणून ती मी जास्तच घोकत होते.

ओकुबो-सान मागच्या वाफ्यात होत्या. वांग्याच्या रोपांना काठ्या बांधत होत्या. ती वांगी मी लगेच ओळखली. दोन उन्हाळे खाल्ली होती. त्यांनी हातमोजे काढले आणि नुसतं "रेवा-सान" म्हणाल्या.

मी चार वाक्यं म्हटली. तिसरं मध्येच अडकलं, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. झेरॉक्स पुढे केल्या. त्यांनी स्वतःच्या अक्षरावरून नजर फिरवली आणि खालच्या मराठीवर बोट ठेवलं. "हे प्रभुणे-सानचं." मी मान हलवली. "दर महिन्याला यायचे. दर महिन्याला माफी मागायचे. मी म्हणायचे, आता पुरे. मग म्हणायचे, तीही येईल. मी म्हणायचे, नको, गरज नाही. तर म्हणायचे, येईल ती, आणि वांगी घेऊन जायचे."

मी वाकले. काही हरकत नाही, झालं गेलं, असं त्या म्हणतील अशी मी वाट बघत होते. जपानीत ते म्हणायला एक श्वास पुरतो, रस्त्यात धक्का लागला तरी लोक म्हणतात. त्या म्हणाल्या नाहीत. मला त्यांच्या रबरी बुटांची चिखलानं भरलेली टोकं दिसत होती. कमरेत कळ यायला लागली. त्या शुक्रवारी त्या किती वेळ वाकून होत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग वरून त्यांचा आवाज आला.

"बारा नाही. अकरा."

मी मान वर केली.

"तुम्ही बारा म्हणालात. अकरा होते. तार कुठे टांगली होती? थर्मोकपलच्या टोकाला, की बाजूला?"

"बाजूला."

"बाजूला भट्टी जास्त गरम असते. तार लवकर वितळते." त्यांनी झेरॉक्स नीट जुळवून माझ्या हातात परत दिल्या. "म्हणून."

एवढं म्हणून त्यांनी हातमोजे घातले आणि काठ्या बांधायला लागल्या. थोड्या वेळानं सुतळीचं एक टोक माझ्याकडे दिलं. मी ते धरलं. आम्ही शेवटच्या रोपापर्यंत गेलो. निघताना बास्केटमध्ये वांगी होती. दोन पिशव्या होत्या, सर. एक कुणासाठी, हे त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आज रविवार, लॅबमध्ये कुणी नाही. मी भट्टीची वही उघडली. पाच वर्षांची पानं माझ्या आकड्यांनी भरली आहेत आणि उजवीकडचा रकाना माझ्या प्रत्येक ओळीपुढे कोरा आहे. तिथे मी पहिल्यांदाच जपानीत लिहिलं, हातानं, पेनानं. जुन्या थर्मोकपलमधला फरक अकरा अंश. तो ओकुबो-साननी पाहिला आणि लिहून ठेवला. मी बारा म्हणाले, न बघता.

न बघता, यासाठी मी बराच वेळ शब्द शोधत होते. जो सापडला तो लिहिला. वाक्यात कुठेतरी एक चूक नक्की आहे, नेहमी असते. लाल पेन माझ्याकडे आहे, अमेयनं तेही दिलंय, पण चूक नेमकी कुठे आहे ते मला कळत नाही. ती तशीच राहील.